चुंदाच्या घरचे जेवण आणि मोरगावचा हॅम

गेल्या वर्षी थंडीच्या दिवसांत मोरगावला आमच्या घरामागच्या अंगणात सहा किलोचा एक हॅम भट्टीत शिजला. हे वाक्य वाचून काही बांधव दचकतील, काही हसतील. चळवळीच्या दैनिकात, विचारांच्या पानावर, एका वकिलाने स्वयंपाकाच्या गोष्टी कशाला सांगाव्यात, असेही कोणी म्हणेल. पण या देशात कोण काय खातो आणि कोणाच्या हातचे खातो हा प्रश्न चुलीपुरता कधीच नव्हता. १९२७ साली महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस सोडा असे निक्षून सांगितले, तेव्हा ते ताटाबद्दलच बोलत होते. १९४८ साली ‘द अनटचेबल्स’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला, त्यातही अस्पृश्यतेचे मूळ शोधताना ते गोमांसाच्या प्रश्नापाशी आले. म्हणून हॅमची ही गोष्ट सांगतो. ती माझ्या घरातली आहे आणि तिच्यात चूकही माझीच आहे.

आधी हॅम म्हणजे काय ते सांगितले पाहिजे. हॅम म्हणजे डुकराची मागची अख्खी मांडी, हाडासकट, मिठात मुरवलेली. इंग्लंड-अमेरिकेत नाताळाच्या जेवणात तो मधोमध ठेवतात. स्पेनमध्ये आणि इटलीत तो न शिजवता महिनोन् महिने वाळवतात. चीनमधल्या जिन्हुआ शहराचा हॅम शतकानुशतके प्रसिद्ध आहे. आपल्याकडे गोव्यात पोर्तुगीजांच्या मागे राहिलेला त्याचा एक प्रकार आहे. मुंबई-वसईकडचे ईस्ट इंडियन बांधव घरात मराठी बोलतात आणि त्यांच्या लग्नात डुकराच्या मांसाचे सोरपोतेल आणि फुगे नसतील तर वऱ्हाडी नाराज होतात. एवढेच काय, महाराष्ट्र सरकारच्या माफको या कंपनीचा बोरिवलीला डुकराच्या मांसाचा कारखानाच होता. हॅम, बेकन, सॉसेज हे सरकारी शिक्क्याने विकले जात असे. म्हणजे सरकारने विकले तेव्हा ते पौष्टिक अन्न होते, हॉटेलात वाढले तेव्हा ते प्रतिष्ठेचे अन्न होते आणि वडार वस्तीत शिजले तेव्हा ती घाण होती. जनावर तेच, मांडीही तीच!

आमचे मोरगाव कऱ्हा नदीच्या काठी, बारामती तालुक्याच्या जिरायत भागात. बाहेरच्या लोकांना ते अष्टविनायकातला पहिला गणपती म्हणून माहीत आहे. आमच्या पिढीला ते दुष्काळाचे गाव म्हणून माहीत आहे. तालुका एकच, पण नीरा डाव्या कालव्याखालची गावे उसात हिरवी आणि आम्ही आभाळाकडे बघणारे. १९७२ च्या दुष्काळात माझी आई मुलगी होती. दुष्काळी कामावर ती खडी फोडायला जाई आणि सुकडी घेऊन येई. त्याच खडीच्या ढिगावर वडार बाया बसत. हातोडा धरायचा कसा, दगडाची शीर कुठे असते, हे त्यांनीच आईला शिकवले. पण भाकरी सोडायची वेळ झाली की आई उठून दुसऱ्या झाडाखाली जाई. का, असे मी तिला विचारले तेव्हा ती म्हणाली, “ते डुकरं खातात बाबा. आपण नाही खात.”

हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलो. आमच्या घरात चळवळ होती, भिंतीवर बाबासाहेब होते, पौर्णिमेला वंदना होती. मेलेल्या ढोराचे मांस आजोबांनी सोडले होते आणि त्याचा आम्हाला रास्त अभिमान होता. पण त्या अभिमानाच्या पोटात आणखी एक गोष्ट लपली होती. आपल्याहून कोणीतरी खाली आहे, हे समाधान! बाबासाहेबांनी जिला श्रेणीबद्ध विषमता म्हटले ती हीच. वरून खाली तिरस्कार उतरत येतो आणि प्रत्येक पायरीवरचा माणूस खालच्या पायरीकडे बघून आपले दुःख विसरतो. आमच्या पायरीवरून आम्ही वडार वस्तीकडे बघत होतो.

आता माझी चूक. मी पुण्यात कायदा शिकलो. खोली शोधताना एका घरमालकाने आधी विचारले, “वशट खाता का?” मग आडनाव विचारले आणि मग खोली कालच गेली असे सांगितले. तो अपमान मला आजही आठवतो आणि कोर्टात उभा राहताना तो माझ्या कामी येतो. पण सनद घेऊन मी गावी आलो तेव्हा काय झाले तेही मला आठवले पाहिजे. वस्तीवरचा पोरगा वकील झाला म्हणून लोक पेढे घेऊन आले. शेजारच्या वडार वस्तीतले अण्णा एक स्टीलचा डबा घेऊन आले. त्यांच्या घरी त्या दिवशी डुक्कर पडले होते आणि त्यातला चांगला भाग निवडून त्यांच्या बायकोने माझ्यासाठी कालवण केले होते. मी डबा घेतला, हसून आभार मानले. अण्णा वळले आणि आईने तो डबा उकिरड्यावर पालथा केला. मी बघत उभा राहिलो. एक शब्द बोललो नाही. घरमालकाने मला दारातून परत पाठवले होते, मी अण्णांचे अन्न कुत्र्यांना घातले. दोन्हीत फरक काय? कायद्याच्या पदवीत याचे उत्तर नव्हते.

भट्टीची गोष्ट

माझा पुतण्या हॉटेल मॅनेजमेंट शिकून गोव्यातल्या एका हॉटेलच्या किचनमध्ये कामाला लागला. दोन नोकऱ्यांच्या मधल्या सुट्टीत तो महिनाभर गावी आला. एके दिवशी म्हणाला, “काका, हॉटेलात नाताळला मी जो हॅम करतो तो घरी करू का? पाहुणे एका प्लेटला मोजतात तेवढ्यात आपला महिन्याचा किराणा येतो.” आई म्हणाली, “हॅम म्हणजे काय रे?” तो म्हणाला, “डुकराची तंगडी, आजी.” आईने पदर तोंडाला लावला. मला मात्र वीस वर्षांपूर्वीचा तो डबा आठवला. मी म्हणालो, कर. पण मांडी पुण्याच्या दुकानातून आणायची नाही, अण्णांकडून घ्यायची.

अण्णांनी आता डुकरे बंदिस्त केली आहेत. मोकाट सोडत नाहीत, शेडमध्ये ठेवून खाद्य घालतात. हा मुद्दा महत्त्वाचा आहे, कारण माणसाच्या विष्ठेपर्यंत पोचणाऱ्या डुकराच्या मांसात फिताकृमीच्या अळ्या असू शकतात आणि असे मांस कच्चे राहिले तर माणसाला धोका असतो. दोष डुकराच्या जातीत नाही, गावाच्या सांडपाण्यात आणि उघड्यावरच्या शौचात आहे. ज्या व्यवस्थेने वस्तीला संडास दिला नाही त्याच व्यवस्थेने त्या घाणीवर जगणाऱ्या जनावराला आणि ते पाळणाऱ्या माणसाला घाणेरडे म्हटले.

मांडी आली सहा किलोची. ती मुरवायला पुतण्याने माझ्या ऑफिसातला जुना फ्रिज घरी आणला. मिठाचे पाणी उकळून गार केले, त्यात गूळ, मिरे, लवंगा आणि तमालपत्र घातले. त्यात मोजून-मापून थोडे नायट्राइट मिसळलेले मीठ पडते. पूर्वी त्या जागी सोरा वापरत. त्याने मांसाचा रंग गुलाबी राहतो आणि बोटुलिझमचे जंतू वाढत नाहीत. पण प्रमाण चुकले तर तेच विष ठरते, म्हणून हा भाग अंदाजपंचे करायचा नाही, हे त्याने मला दोनदा बजावले. हाडाजवळ मीठ पोचायला वेळ लागतो आणि नासायला सुरुवात तिथूनच होते, म्हणून तिथे सुईने मिठाचे पाणी टोचले. मग दहा दिवस मांडी त्या पाण्यात, थंडीत, बुडवून ठेवली. रोज उलटायची.

आईला हे सगळे बघून एक गोष्ट आठवली. तिच्या सासूच्या घरी मांसाच्या चान्या करत, लांब पट्ट्या कापून मीठ लावून दोरीवर वाळवत. पावसाळ्यात, उपासमारीच्या दिवसांत त्याच मुठीने काढून कालवणात टाकत. “मीठ लावून टिकवायचं, हेच ना?” ती म्हणाली. हेच. मांसातले पाणी मीठ ओढून काढते, मग जंतूंना जगायला ओलावा मिळत नाही. युरोपातल्या शेतकऱ्याने हिवाळ्यासाठी केले ते हॅम झाले, आमच्या आजीने पावसाळ्यासाठी केले ती लाज झाली. शाहू पाटोळे यांनी २०१५ साली ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या पुस्तकात मराठवाड्यातल्या दलितांचे हे खाणे पाककृतींसह मांडले, तोवर मराठी पाकशास्त्राच्या पुस्तकांत आमच्या चुलीला जागा नव्हती.

आता शिजवायचे कुठे? घरातल्या छोट्या विजेच्या ओव्हनमध्ये सहा किलोची हाडाची मांडी जाईना. कोणी सुचवले, बेकरीची भट्टी दुपारनंतर रिकामी असते, तिथे न्या. रस्त्यावरची ती बेकरी आमच्या ओळखीच्या एका मुस्लिम कुटुंबाची आहे. आम्ही त्यांना चाचा म्हणतो. मी सरळ नाही म्हटले. चाचा भिडेखातर कदाचित हो म्हणाले असते, पण भिडेचा फायदा घेणे हा माझा हक्क नाही. पंधराव्या-सोळाव्या शतकात स्पेनमध्ये ज्यू आणि मुसलमानांना बळाने ख्रिस्ती केले गेले आणि ते मनापासून बदलले की नाही हे तपासायला त्यांच्या घरी डुकराचे मांस शिजते का याकडे धर्मन्यायालयाची माणसे नजर ठेवत. एकाने खायचे नाही म्हणून दरडावायचे आणि दुसऱ्याने खाल्लेच पाहिजे म्हणून दरडावायचे, या दोन्ही गोष्टी एकाच जातीच्या. ज्याला स्वतःच्या ताटाचे स्वातंत्र्य हवे आहे त्याने दुसऱ्याच्या भट्टीचा मान ठेवला पाहिजे.

शेवटी अण्णाच म्हणाले, “भट्टी ना? मी बांधतो की.” वडार माणसाला दगडमातीचे काय सांगायचे! धरणे, विहिरी, रस्ते, देवळांची जोती त्यांच्या हातची. दोन दिवसांत विटा आणि चिखलाची घुमटी उभी राहिली. तिला पुढे तोंड, वर धूर जायला जागा, तोंडावर बसणारी जाड फरशी. आठवडाभर बारीक जाळ करून ती वाळवली, नाहीतर तडकते.

मंद आचेचे शास्त्र

शिजवण्याच्या दिवशी पहाटे बाभळीची लाकडे पेटवली. तीन तास जाळ. भिंती आतून तापून पांढऱ्या पडल्या तेव्हा निखारे ओढून बाहेर काढले आणि भट्टी निवू दिली. पुतण्याने आत थर्मामीटर ठेवला होता. दीडशे अंशावर काटा आला तेव्हा मांडी आत गेली. आदल्या रात्रभर ती साध्या पाण्यात भिजत ठेवून जादा मीठ काढले होते. खोल परातीत थोडे पाणी, वर मांडी, तिच्यावर जाड फॉइल घट्ट दाबलेले. तोंडाला फरशी लावली आणि फटी चिखलाने लिंपल्या.

मग सात तास काही करायचे नाही. अधूनमधून तोंडाशी थोडे निखारे सारायचे, म्हणजे आतली आच एकशे वीसच्या खाली फार उतरत नाही. साधारण किलोला तासाहून थोडा जास्त असा हिशोब. मोठ्या जाळावर ठेवली तर मांडी बाहेरून करपते, आतून कच्ची राहते आणि मांस आखडून दोरीसारखे होते. मंद आचेवर उष्णता हाडापर्यंत सावकाश पोचते आणि मांसातल्या चिवट शिरा-पडदे विरघळून त्यांचा चिकट रस होतो. म्हणून ते मऊ लागते आणि कोरडे पडत नाही. आपल्या बायांना हे कोणी शिकवावे लागले नाही. चुलीच्या वैलावर रात्रभर पाये ठेवणारी, निखाऱ्याच्या धगीवर मडके झाकून शेतात जाणारी बाई हेच करत होती. तिला उपकरण नव्हते, वेळही नव्हता. एक आच होती, ती ती वाया घालवत नव्हती.

शिजले की नाही हे रंगावरून ठरवायचे नाही, कारण मुरवलेले मांस शिजल्यावरही गुलाबीच राहते. हाडाला न टेकवता मांडीच्या मधोमध थर्मामीटर खुपसायचा आणि सत्तर अंश दिसले की निर्धास्त व्हायचे.

त्यानंतर लेप. मांडी बाहेर काढून वरचे कातडे सुरीने सोलून काढले, खाली बोटभर चरबीचा पांढरा थर राहिला. त्यावर तिरप्या रेघा मारून शंकरपाळ्याचे चौकोन पाडले, प्रत्येक चौकोनात एक लवंग. हॉटेलात यावर ब्राउन शुगर आणि मध लावतात. आम्ही लावला नीरा पट्ट्यातला गूळ, मोहरी वाटून, संत्र्याचा रस आणि चमचाभर व्हिनेगर घालून आटवलेला. निखारे परत आत घालून भट्टी दोनशे अंशाला आणली आणि अर्धा तास मांडी उघडी ठेवली. दर दहा मिनिटांनी लेपाचा हात. गूळ आधी लावला असता तर सात तासांत कोळसा झाला असता, म्हणून गोडवा नेहमी शेवटी. गूळ फसफसला, तांबूस झाला, मग काचेसारखा चकाकला. वास वस्तीभर गेला.

या गुळाबद्दलही एक वाक्य लिहिले पाहिजे. आमच्या तालुक्याचा गोडवा ज्यांच्या कोयत्यातून येतो ते ऊसतोड मजूर बीडकडून, मराठवाड्यातून येतात आणि फडाच्या कडेला पालात राहतात. त्यात आपले बांधव आहेत, वंजारी-बंजारा बांधव आहेत. साखर सगळ्या महाराष्ट्राच्या घरात जाते. साखर करणाऱ्याच्या पालात चहा प्यायला कोण जातो?

कायदा कुठवर येतो

मी वकील आहे म्हणून कायद्याचेही सांगतो. महाराष्ट्रात २०१५ साली गोवंश हत्याबंदीची दुरुस्ती लागू झाली आणि घरात मांस सापडले तरी गुन्हा, अशी तरतूद आली. मुंबई उच्च न्यायालयाने ६ मे २०१६ रोजी कत्तलीवरची बंदी कायम ठेवली, पण परराज्यातून आणलेले मांस बाळगणे हा गुन्हा ठरवणारे कलम रद्द केले. माणूस आपल्या घरात काय खातो हा त्याच्या खासगी जीवनाचा भाग आहे, असा त्यामागचा विचार. पुढे २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे मान्य केले. त्यात न्या. चेलमेश्वर यांनी आपल्या स्वतंत्र निकालपत्रात खाण्याच्या निवडीचा मुद्दाम उल्लेख केला. डुकराच्या मांसावर तर अशी बंदी कधी नव्हतीच. म्हणजे कागदावर माझा हॅम निर्दोष आहे.

पण कायदा दारापर्यंत येतो, उंबरठ्याच्या आत येत नाही. सहकारी गृहनिर्माण संस्थेने सभासदत्व एकाच समाजापुरते ठेवले तरी चालते, असा निकाल झोरोस्ट्रियन संस्थेच्या प्रकरणात २००५ साली सर्वोच्च न्यायालयानेच दिला. मग ‘शाकाहारींना प्राधान्य’ अशी पाटी लावणाऱ्याला कोणत्या कलमाखाली धरायचे? आणि आणखी एक गोष्ट आपल्या कार्यकर्त्यांनी लक्षात घ्यावी. वडार समाज महाराष्ट्रात विमुक्त जातींच्या यादीत आहे, अनुसूचित जातींच्या नाही. शेजारच्या कर्नाटकात त्यांच्या भोवी बांधवांना अनुसूचित जातीचा दर्जा आहे. म्हणजे १९८९ च्या अॅट्रॉसिटी कायद्याचे जे छत्र माझ्या डोक्यावर आहे ते माझ्या शेजारच्या अण्णांच्या डोक्यावर नाही. गुन्हेगार जमाती कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी गेला, तरी गावात चोरी झाली की पोलीस आधी त्यांच्याच वस्तीत येतात, हे मी वकील म्हणून पाहिले आहे. त्यांच्यासाठी आपण किती मोर्चे काढले, हा प्रश्न मी आधी स्वतःला विचारला.

पंगत

त्या संध्याकाळी आम्ही वडार वस्तीतल्या चार घरांना जेवायला बोलावले. चतुर्थी किंवा कुणाचा सण बघून कोणाला डिवचण्यासाठी आम्ही हे केले नव्हते. साधा आठवड्यातला वार होता. चाचांनाही निरोप होता. त्यांच्यासाठी आणि आईसाठी वेगळ्या चुलीवर, वेगळ्या भांड्यात बटाट्याचा रस्सा आणि भाकरी. चाचा आले, रस्सा खाल्ला, भट्टीची बांधणी हात लावून बघितली आणि अण्णांना म्हणाले, “माझी भट्टी पण एकदा बघून जा, एका बाजूला धग कमी लागते.”

हॅम अर्धा तास निवत ठेवला होता, म्हणजे कापताना रस वाहून जात नाही. पुतण्याने पातळ कापे काढली. वरून गुळाचा करकरीत पापुद्रा, खाली वितळणारी चरबी, आत खारट-गुलाबी मांस. भाकरीबरोबर, मिरचीच्या ठेच्याबरोबर तो असा लागला की हॉटेलवाल्यांनी येऊन शिकावे. अण्णांनी पहिला घास घेतला, सावकाश चावला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, “वकीलसाहेब, त्या वेळच्या डब्याचं काय झालं ते मला तेव्हाच कळलं होतं. वळून बघितलं होतं मी.”

पंगतीत कोणी बोलेना. मी म्हणालो, “अण्णा, चुकलं माझं.” वीस वर्षे कोर्टात बोलून पोट भरणाऱ्या माणसाला एवढेच तीन शब्द सापडले. अण्णा म्हणाले, “खा आता. गार होतंय.”

आईने हॅम खाल्ला नाही. तिने खावा असा आग्रह कोणी केला नाही. जिभेला जे सोसत नाही ते न खाण्याचा तिला पूर्ण हक्क आहे. पण ती उठून दुसऱ्या झाडाखाली गेली नाही. अण्णांच्या बायकोशेजारी त्याच पंगतीत बसली आणि म्हणाली, “हे माझ्या तोंडात जायचं नाही बाई. पण उद्या तुझ्या घरी येते. कोंबडीचं कालवण कर, तुझ्या हातचं खाते.” दुसऱ्या दिवशी ती गेली आणि खाऊन आली. सत्तरी ओलांडलेल्या बाईने पन्नास वर्षांपूर्वीच्या झाडाखालून उठून इकडे यायचे हे अंतर थोडे नाही. आपण काय खात नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न, पण कोणाच्या हातचे खात नाही हा अस्पृश्यतेचा प्रश्न. हा फरक मला घटनेच्या कलम १७ च्या अभ्यासातून जेवढा कळला नव्हता तेवढा आईने कळवला.

मी एका पंगतीचा डांगोरा पिटत नाही. बाबासाहेबांनी १९३६ सालीच ‘जातिसंस्थेचे उच्चाटन’ मध्ये स्पष्ट सांगितले आहे की नुसत्या सहभोजनाने जात मरत नाही, तिचे मूळ बेटीबंदीत आणि शास्त्रांवरच्या श्रद्धेत आहे. समतानंद अनंत हरी गद्रे यांनी झुणका-भाकरीची सहभोजने केली, त्यांच्या तळमळीला माझा नमस्कार आहे. पण त्या काळच्या सहभोजनांकडे बघताना एक गोष्ट मनात येते. पंगतीत आपल्याला बोलावले गेले, ताट मात्र सगळ्यांना चालेल असे, म्हणजे वरच्यांना चालेल असे होते. आमच्या चुलीवरचे खायला कोण आले? आणि हेच बोट स्वतःकडे वळवले तर आम्ही तरी आमच्यापेक्षा गरीब, आमच्यापेक्षा विखुरलेल्या भटक्या-विमुक्तांच्या चुलीपाशी कधी गेलो?

शेवटी तथागतांची एक गोष्ट. महापरिनिब्बान सुत्तात ती आहे आणि आपल्यातल्या बहुतेकांनी ऐकलेली आहे. पावा नगरीत चुंद नावाच्या लोहाराने भगवान बुद्धांना भोजनाला बोलावले. त्याने इतर पदार्थांबरोबर ‘सूकरमद्दव’ वाढले. सूकर म्हणजे डुक्कर, मद्दव म्हणजे मऊ. अट्ठकथेत त्याचा एक अर्थ फार कोवळ्या नाही आणि फार जून नाही अशा डुकराचे मऊ, स्निग्ध मांस असा दिला आहे. कोणी दूध-तुपात शिजवलेला मऊ भात म्हणतात, कोणी डुकरांना आवडणारी अळंबी म्हणतात. धर्मानंद कोसंबींनी ‘भगवान बुद्ध’ या ग्रंथात मांसाहाराच्या प्रश्नावर स्वतंत्र प्रकरण लिहिले, तेव्हा त्यावरून मोठा वाद झाला. अर्थाचा वाद विद्वानांनी करावा. मला त्या गोष्टीतले पुढचे महत्त्वाचे वाटते.

ते जेवण झाल्यावर भगवंतांचा आजार बळावला. तशा अवस्थेत, कुसिनाराच्या वाटेवर, त्यांना काळजी कशाची वाटली? लोक चुंदाला बोल लावतील, तुझ्या अन्नाने तथागत गेले म्हणून तो जन्मभर झुरेल, याची. त्यांनी आनंदाला सांगितले, चुंदाच्या मनातली ही खंत तू दूर कर. संबोधीच्या आधी घेतलेले भोजन आणि परिनिर्वाणाच्या आधी घेतलेले भोजन, या दोन दानांचे फळ सर्वांत मोठे आणि सारखे आहे, असे त्याला सांग. म्हणजे सुजाताच्या खिरीच्या बरोबरीने चुंदाच्या ताटाला बसवले. मरणाच्या दारात असलेला माणूस एका कष्टकऱ्याच्या अन्नाची अब्रू वाचवत होता.

मी तरुण होतो, धडधाकट होतो, नवी कोरी सनद खिशात होती आणि अण्णांच्या एका डब्याची अब्रू मला वाचवता आली नाही. हे ओझे एका हॅमने उतरत नाही, हे मला माहीत आहे. पण ती भट्टी अंगणात अजून उभी आहे. तिच्यावर आता दर महिन्याला काहीतरी शिजते, कधी रताळी, कधी कोंबडी, कधी पाव. अण्णांचा नातू पुतण्याच्या ओळखीने गोव्याच्या हॉटेलात शिकायला गेला आहे.

बांधवांनो, तुम्ही हॅम खा असे माझे म्हणणे नाही. खाऊ नका असेही नाही. आपल्या वस्तीच्या पलीकडे जी वस्ती आहे, कैकाड्यांची, वडारांची, पारध्यांची, तिथून एखादा डबा तुमच्या दारात आला तर तो दोन्ही हातांनी घ्या. पचत नसेल तर तसे तोंडावर सांगा. आणि तुमच्या घरचा डबा परत भरून पाठवा. रिकामा नको.

जय भीम!